उभी रेघ, आडवी रेघ

मागच्या जानेवारीतली गोष्ट आहे. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, तूर नुकतीच घरात आली होती, आणि आमची चिमी कुठे सापडेना. घर केवढं, दोन खोल्या आणि समोर छपरी. सासूबाई गल्लीत आवाज देऊन राहिल्या, हे टॉर्च घेऊन विहिरीकडे पळाले, माझे तर हातपायच गळाले. आणि पोरगी होती कुठे, तर तुरीच्या पोत्यांमागे भिंतीला चिकटून बसली होती, मुठीत पेन्सिल. पेन्सिलीचं टोक दातानं कुरतडून टाकलं होतं. मला पाहून म्हणे, "टोकच नाई आता. आता लिहा नाई लागत न?"

चार वर्षं दोन महिन्यांची पोरगी. होमवर्क काय होता तर एक पान स्टँडिंग लाईन, एक पान स्लीपिंग लाईन आणि स्मॉल बी अर्धं पान. आणि मी तिला संध्याकाळपासून तीनदा रागावली होती कारण तिचा बी दरवेळी डी होऊन राहिला होता.

आता यात शरमेची गोष्ट ही की मी स्वतः डीएड आहे. २०१२ ला पास झाली, शिक्षक व्हायला लागते ती टीईटी परीक्षा दोनदा दिली, मग लग्न, मग वावर, नोकरीचं काही जमलं नाही, आपल्या इकडे डीएड करून घरी बसलेल्या पोरीपोरांची काय कमी आहे का, एक दगड मारला तर दोघांना लागेल. पण शिकली तर होती न. फ्रोबेल पाठ केला होता, त्यानं १८३७ मधे जर्मनीत ब्लँकेनबर्गला शाळा काढली आणि १८४० मधे तिला किंडरगार्टन नाव दिलं म्हणजे मुलांची बाग, तिथे चेंडू आणि लाकडी ठोकळे होते, बागकाम होतं, गाणी होती. पेपरात यावर मला चांगले मार्क पडले होते. आणि त्याच किंडरगार्टनचं केजी करून, केजी वन केजी टू करून त्याच्या आधी आणखी एक नर्सरी जोडली आपण, आणि तिथे मी माझ्या पोरीला साडेतीन वर्षांची असताना ऑटोत कोंबून पाठवत होती.

काहून पाठवलं ते पण सांगते, कारण मी काही येडी नव्हती.

चिमीला तीन पूर्ण झाले नोव्हेंबर २०२३ मधे. म्हणजे अंगणवाडीत नियमित बसायचं वय झालं आणि ४ डिसेंबरपासून राज्यभरातल्या सेविकांचा संप लागला, तो जानेवारीच्या शेवटापर्यंत चालला. जवळपास दोन महिने अंगणवाडीला कुलूप. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना पगार नाही मिळत, मानधन मिळतं, आणि ग्रॅच्युइटी द्या एवढं ठरायला सुद्धा २०२२ मधे सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. पण इकडे कापूस वेचणीचे दिवस, पोरगी सोबत वावरात न्यायची, बाभळीखाली गोधडी टाकून बसवायची, साप-विंचवाचा घोर वेगळा. मग संप सुटला, सेविका मॅडम आल्या, पण जुलै २०२४ आला तर लाडकी बहीणचे फॉर्म. अंगणवाडीत लेकरं कमी आणि बाया जास्त, आधार कार्ड, पासबुक, झेरॉक्स, ओटीपी येऊन नाही राहिला, मॅडम बिचाऱ्या एका फॉर्ममागे ५० रुपये मिळणार म्हणून आणि नाही भरले तर गावभर बोंब म्हणून मान खाली घालून फॉर्मच भरून राहिल्या. त्याच्या आधी लोकसभेचं बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम झालं होतं. मी त्याच जूनमधे चिमीला तालुक्याच्या कॉन्वेंटात टाकलं होतं आणि जुलैत हे सगळं पाहून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, बरं केलं बापा टाकलं ते.

कॉन्वेंट म्हणजे काय ते बाहेरच्या लोकांना कळणार नाही. विदर्भात इंग्लिश मीडियमच्या कोणत्याही छोट्या शाळेला कॉन्वेंटच म्हणतात, तिथे नन पण नसते आणि चर्च पण नसते. ही जी होती (नाव नाही घेत, घेऊन काय करायचं) ती एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर, खाली कृषी केंद्र, जिन्यात खताचा वास. नर्सरीत ४० च्या वर लेकरं आणि शिकवणारी मिस बारावी पास एकोणीस वर्षांची पोरगी, तिला महिन्याला किती देत असतील ते न विचारलेलं बरं. फी १२ हजार, ऑटोचे महिन्याला ७०० वेगळे. टाय होता. साडेतीन वर्षांच्या लेकराला इलास्टिकचा टाय, जूनच्या आमच्या उन्हात, आणि मी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता.

पहिले दोन महिने सगळे खूश. पोरगी ए टू झेड म्हणून दाखवायची, पाहुणे आले की सासरे तिला खाटेवर उभी करायचे, म्हण बाई. ती म्हणायची. एलएमएनओ एकाच अक्षरासारखं एका दमात.

मग ऑगस्टमधे ती ऑटोतून ओली उतरायला लागली. एकदा झालं, दोनदा झालं, ऑटोवाले दादा पण कंटाळले, म्हणे वहिनी सीट धुवा लागते रोज. घरी दीड वर्षापासून पोरगी चांगली सांगून जायची. मी शाळेत जाऊन विचारलं तर मिस म्हणाली की तिनं सांगायलाच पाहिजे न, आम्ही सगळ्यांना वाक्य शिकवलं आहे, मे आय गो टू टॉयलेट, ते म्हटल्याशिवाय आम्ही सोडत नाही, नाहीतर सवय कशी लागणार. आणि आमची चिमी घरी काय म्हणते, "मले शू आली". तिनं तिथे पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं आणि सगळी लेकरं हसली होती, मिस पण हसली होती. त्याच्यानंतर ती विचारायचीच नाही. दाबून ठेवायची, ऑटोत बसली की सुटायचं.

हे मला तिनं नाही सांगितलं, ऑटोतल्या मोठ्या पोरीनं सांगितलं. त्या दिवशीच काढून घ्यायला पाहिजे होतं. पण १२ हजार भरले होते. हे म्हणाले, लागंल सवय. मी पण म्हटलं, लागंल. ऑक्टोबरपासून ती रात्री पण अंथरूण ओलं करायला लागली तरी आम्ही सवयच पाहून राहिलो. म्हणून ती तुरीच्या पोत्यामागची रात्र.

त्या रात्री मी तिचा हात धरून पाहिला. खरं सांगते, आई असून आधी कधी नीट पाहिला नव्हता. पेन्सिल ती सगळ्या मुठीत धरत होती, विळा धरतो तशी, आणि मनगट हलतच नव्हतं, खांद्यापासून सगळा हात हलत होता. पानावर रेघा इतक्या दाबून ओढलेल्या की मागच्या चार पानांवर वळ उठले होते. आणि मला डीएडचा तास आठवला. या वयात मनगटातली हाडं पूर्ण तयारच झालेली नसतात, बरीचशी अजून नरम कुर्चा असते, तीन बोटांत पेन्सिल धरायला बोटांची जी पकड लागते ती लेकरात चार-पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू येते. ती येते कशानं, तर कणीक मळून, दाणे निवडून, मणी ओवून, माती कालवून, कागद फाडून. लिहून लिहून नाही येत. हे सगळं मला येत होतं. वहीत होतं माझ्या.

दुसऱ्या दिवसापासून नाही पाठवलं. हे दोन दिवस बोलले नाहीत, सासऱ्यांनी टायच्या पैशाचा हिशोब काढला. सासूबाई तेवढ्या माझ्या बाजूनं, "लेकरू हाय का बैल हाय वं ते, कास्रा लावून नांगराले जुपून राह्यले." असंच म्हणाल्या.

मग अंगणवाडी. इथे आता मी लगेच गोड गोड लिहिणार नाही. आमच्या अंगणवाडीचं छत एका कोपऱ्यात गळते, संडास आहे पण पाणी मडक्यातून न्यावं लागते, आणि सरकारकडून आलेला खेळण्यांचा संच मी गेली तेव्हा लोखंडी कपाटात कुलपात होता. मी विचारलं काहून मॅडम, तर म्हणे तुटलं की भरून कोण देणार, सुपरवायझर येऊन मोजते. म्हणजे लेकरांची खेळणी लेकरांपासूनच सांभाळून ठेवलेली. आणि मॅडमच्या हातात सारखा मोबाईल, २०२१ पासून ते पोषण ट्रॅकर ॲप आलं आहे त्यात हजेरी भर, वजन भर, उंची भर, घरी न्यायचा आहार द्यायचा तर बाईचा चेहरा स्कॅन कर, नेटवर्कसाठी मॅडम रस्त्यावरच्या हापशीपर्यंत जातात. तेवढा वेळ मदतनीस काकू एका डोळ्यानं खिचडी आणि एका डोळ्यानं पंचवीस लेकरं पाहतात.

खिचडीचं पण सांगून टाकते, तीन ते सहाच्या लेकराला रोज ठरलेल्या कॅलरी आणि प्रोटीन मिळावं असा नियम आहे, आणि त्यासाठी एका लेकरामागे दिवसाला ८ रुपये असा २०१७ पासून कित्येक वर्षं दर होता. आठ रुपयात आमच्या स्टँडवर अर्धा समोसा येत नाही. तरी काकूंच्या हाताला चव आहे, चिमी घरी माझी खिचडी खात नाही, म्हणे तुयी काकूसारखी नाही.

पण दोन-चार दिवस मी तिथेच बसली, पोरगी सोडेना म्हणून, आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली. मॅडमनी जमिनीवर एक जुनं लुगडं अंथरलं, त्यावर तूर, चना आणि सोयाबीन एकत्र ओतलं आणि लेकरांना तीन वाट्या दिल्या. बस. काहीच सांगितलं नाही. वीस-पंचवीस मिनिटं ती पोरं हललीच नाहीत. चिमी दोन बोटांच्या चिमटीत एकेक दाणा उचलत होती, आधी सांडला, मग नीट, मग पटापट. एक पोट्टा रंगानं निवडत होता, एक साईजनं, त्यांचं भांडण झालं की बारका चना कुठे टाकायचा, आणि मॅडम मधे पडल्या नाहीत, भांडू दिलं. (एकानं नाकात चना घातला, तो काढायला आणखी दहा मिनिटं गेली, काकूंनी शिंक आणवली. ते मॅडमना पण कबूल आहे की अगदी बारक्यांसमोर दाणे ठेवायचे नाहीत.) मी मनात म्हटलं, अगं हेच तर गणित आहे, वर्गीकरण, आणि हीच तर ती पेन्सिलची पकड, एक रुपया न लागता, घरच्या मालावर.

मॅडमना विचारलं हे कुठे शिकल्या. म्हणे ट्रेनिंगमधे थोडं, आकार नावाचा अभ्यासक्रम आहे त्यात, बाकी माह्या आजीनं मलेच असं बसवलं होतं.

अंगणवाडी हा शब्द सरकारनं नाही काढला हे पण किती जणांना माहीत आहे देव जाणे. ताराबाई मोडकांनी काढला, ज्यांचा संसार काही वर्षं आपल्याच अमरावतीत झाला, नवरा तिथे वकील होता. त्या पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, ते पण मूळचे वकीलच, त्यांनी १९२० मधे बालमंदिर काढलं होतं. ताराबाई १९४५ मधे समुद्राकडच्या बोर्डी गावात आल्या आणि अनुताई वाघांसोबत गावातल्या, पाड्यावरच्या लेकरांसाठी काम सुरू केलं, तर लेकरंच येईनात, कोणी गुरं राखते, कोणी भावंड सांभाळते. मग लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. साधन काय तर शंख, शिंपले, बिया, पानं, माती. त्याच साली जानेवारीत इकडे सेवाग्रामात नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीची, बैठक झाली आणि शिक्षण सात वर्षांपासून नाही तर त्याच्या फार आधीपासून, असं ठरून पूर्व-बुनियादी, म्हणजे बुनियादी शाळेच्या आधीचं शिक्षण, आलं. माझं माहेर वर्धेकडचं, सहल म्हणून चारदा सेवाग्राम पाहिलं पण तिथे कोणी हे सांगितलं नाही, बापूंची काठी आणि टेलिफोन पाहून परत. सरकारची योजना म्हणजे आयसीडीएस, एकात्मिक बालविकास सेवा, ती २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ ठिकाणी सुरू झाली, त्याला २०२५ मधे ५० वर्षं झाली. त्यात सहा सेवा आहेत, आहार, लसीकरण, तपासणी वगैरे, आणि त्यातली एक पूर्वशालेय शिक्षण. लोकांना विचाराल तर एकच माहीत आहे. खिचडी.

आणि हा दोष मी सेविकेवर नाही टाकणार, आम्ही आईबापांनी तिला कधी दुसरं काही विचारलंच नाही. विचारलं तर हेच की एबीसीडी काहून नाही शिकवत. मॅडम म्हणे, "तुमीच लोकं म्हन्ता न ताई का इथं नुसते खेयते पोट्टे, मंग मी बी फळ्यावर काढून देतो दोन अक्षरं, तुमच्यासाठी." तुमच्यासाठी! लेकरांसाठी नाही.

डीएडला शिकलेलं अमेरिकेतलं एक उदाहरण मला तेव्हा नुसतं पाठांतराचं वाटलं होतं, आता रोज आठवते. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ पासून पेरी प्रीस्कूल म्हणून प्रयोग झाला, गरीब घरची १२३ कृष्णवर्णीय लेकरं घेतली, ५८ जणांना तीन-चार वर्षांचे असताना चांगली बालवाडी दिली आणि बाकीच्यांना नाही, आणि मग ती माणसं चाळिशीची होईपर्यंत त्यांच्या मागे फिरले. गंमत अशी की बुद्ध्यांकात जो सुरुवातीला फरक पडला तो दोन-तीन इयत्तांत पुसून गेला. पण मोठेपणी बालवाडीवाल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली, त्यांची कमाई जास्त, पोलीस केस कमी. म्हणजे जे टिकलं ते पाठ केलेलं नव्हतंच. तिथे लेकरं सकाळी स्वतः ठरवायची की आज काय करायचं, मग करायची, मग काय केलं ते सांगायची, आणि मास्तरीण दर आठवड्याला दीड तास घरी येऊन आईसोबत बसायची. ते वाचून आमच्या मॅडमचा विचार येतो, गृहभेट त्यांना पण आहे, पण त्यात फोटो काढून अपलोड करायलाच अर्धा वेळ जाते. आणि तिथे पाच-सहा लेकरांमागे एक शिक्षिका होती, हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर आमच्या काकूंवर अन्याय होईल.

आता चिमीचं. तिला एक मैत्रीण झाली आहे, गावाला लागून असलेल्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. घरी कोलामी बोलतात ते लोक, मराठीशी काही नातं नाही त्या भाषेचं, द्रविडी आहे. ती पोरगी सुरुवातीला दोन महिने बोललीच नाही म्हणे, नुसती बघायची. मॅडमनी तिला कधी "मराठीत सांग" म्हटलं नाही, ती काकूंचा पदर ओढायची आणि काकू समजून जायच्या, तहान का शू. मी ते पाहिलं तेव्हा मला तो वरचा मजला आठवला आणि पोटात कालवलं. आता चिमी तिच्याकडून पाणी, कुत्रं, आई असे शब्द शिकून येते आणि आमचीच परीक्षा घेते, सासरे रोज नापास होतात. अंथरूण फेब्रुवारीनंतर एकदाही ओलं झालं नाही.

उन्हाळ्यात गावातल्या तीन-चार आयांनी मिळून मॅडमकडून त्या कपाटाचं कुलूप काढवलं, लिहून दिलं की तुटलं तर आम्ही भरून देऊ. आतापर्यंत एक लाकडी घोडा तुटला, माझ्या ह्यांनी फेविकॉल लावून बसवला, थोडा लंगडा आहे. येत्या जूनमधे चिमी गावच्याच झेडपी शाळेत पहिलीत जाईल, आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारी लेकरं घेतात त्यात ती बसते. बी आणि डी अजून उलटसुलट करते. मी बघते आणि गप्प बसते, फार कठीण आहे ते, हात शिवशिवतात.

मागच्या आठवड्यात शेजारची वहिनी आली, तिचं पोरगं तीनचं व्हायचं आहे. विचारत होती ऑटोवाल्याचा नंबर. मी तिला बसवून चहा केला आणि हे सगळं सांगितलं, शूपासून पेरीपर्यंत, चांगला तासभर. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमचं बराबर हाय. पन तुमी डीएड हा. तुमची पोरगी मागं पडली तं तुमी घरी घेसान शिकवून. मी सातवी नापास. माया पोरगा मागं पडला तं मी काय करू?"

मला काही बोलता आलं नाही. नंबर दिला.